पाचची नोंद

आमच्या मागच्या अंगणात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी आहे. चारी बाजूंना झडपा, वर दुहेरी छप्पर, पुढे एक छोटं दार. नव्या माणसाला वाटतं, मी मधमाश्या पाळतो. पूर्वी कुणी तसं विचारलं की मी उत्साहाने दार उघडून आत काय आहे ते दाखवायचो. आता म्हणतो, हो, मधमाश्याच आहेत, लांब राहा, चावतात.

आत थर्मामीटर आहे. वाकवलेली काचेची नळी, तिच्यात पारा, आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर केसाएवढी बारीक लोखंडी काडी. पारा सरकला की काडीला पुढे ढकलतो, मागे हटला की काडी तिथेच अडकून राहते. त्यामुळे दिवसातून एकदा जाऊन बघितलं की एक काडी सांगते गरमी कुठवर गेली होती आणि दुसरी सांगते थंडी कुठवर. दोन आकडे लिहायचे, चुंबक लावून काड्या परत पाऱ्याला टेकवायच्या, दार लावायचं. दीड मिनिटाचं काम. ते मी अठ्ठावीस वर्षं केलं, एकही दिवस न चुकता. एकही दिवस न चुकता हे अगदी खरं आहे. बाकीचं सांगतो.

माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा. हवामान कार्यालयाला शहराच्या या भागात नोंदी ठेवणारा माणूस हवा होता, आणि घड्याळजी वेळेला पक्का असणार असं तिथल्या कुणा शहाण्याला वाटलं. दर महिन्याला कोरं कार्ड यायचं. वरच्या कोपऱ्यात छापलेलं असायचं, ‘नोंदीची वेळ : सायंकाळी ५’. खाली माझी सही. वीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी प्रशस्तिपत्रक पाठवलं, ते मी दुकानात टांगलं. लोक मला पारेवाले म्हणू लागले. गरमी वाढली की दुकानात डोकावून विचारायचे, "काय पारेवाले, आज कितीवर?" मी आकडा सांगायचो आणि ते असे मान हलवत जायचे, जणू मीच ती गरमी मंजूर केली होती. माझी बायको म्हणायची, यांचा पारा पेटीत कमी आणि नाकावर जास्त.

बायको गेली त्याला आता चौदा वर्षं होतील. तिच्याबद्दल सांगायचंच आहे, पण आधी बहिणीबद्दल.

माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बावन्नची झाली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती पालिकेच्या लॉन्ड्रीत इस्त्रीखान्यात होती. तिथे हॉस्पिटलांच्या चादरी येतात. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून वाफेच्या रोलरमध्ये घालायची, पलीकडून ती कडकडीत वाळून बाहेर येते, ती घडी करून रचायची. दिवसाला हजारभर चादरी. छप्पर पत्र्याचं, खिडक्या उंचावर आणि बऱ्याचशा रंगाने चिकटून बसलेल्या. उन्हाळ्यात तिथे बाया दुपारून दाराशी येऊन बसायच्या, पाणी तोंडावर मारायच्या आणि परत आत जायच्या.

त्या वर्षी कामगारांनी अर्ज केला. उन्हाळ्याचे तीन महिने दुपारची पाळी बंद करा आणि छताला आतली हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे बसवा, एवढंच मागणं. लॉन्ड्रीच्या मॅनेजरांनी उत्तर दिलं की उन्हाळा काही आज जन्माला आलेला नाही, याच छपराखाली चाळीस वर्षं काम चाललंय. मग पालिकेने ठरवलं की जाहीर सभा घ्यायची, शहरातली गरमी खरोखर वाढली आहे की नाही ते ऐकायचं, आणि त्यावर निर्णय करायचा.

सभेच्या दोन आठवडे आधी, रविवारी, धाकटी माझ्याकडे आली. चहा स्वतःच केला, कारण माझा चहा तिला आवडत नाही.

"दादा, सभेत तू बोल," ती म्हणाली. "लोक तुझं ऐकतात."

"काय बोलू?"

"गरमी वाढलीय म्हणून सांग. दुसरं काय?"

मी कपाटातून वही काढली. कार्डं पाठवायच्या आधी मी सगळे आकडे वहीत उतरवून ठेवायचो आणि वर्षाच्या शेवटी सरासरी काढायचो. तिला पान उघडून दाखवलं. अठ्ठावीस वर्षांच्या अठ्ठावीस सरासऱ्या. एखाद्या वर्षी थोडी वर, एखाद्या वर्षी थोडी खाली, पण पहिली आणि शेवटची शेजारी ठेवली तर फरक नावाला.

"हे बघ," मी म्हटलं. "वाढलेली नाही. मी खोटं कसं सांगू?"

"आकडे राहू दे तुझे. मला अंगाला कळतंय. पूर्वी मला चार वाजता घेरी यायची, आता एक वाजताच येते."

"पूर्वी तू तिशीत होतीस. अंग म्हणजे काही थर्मामीटर नव्हे."

"आणि थर्मामीटर म्हणजे अंग नव्हे," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

तिचं शिक्षण फारसं झालं नाही, पण बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. मला तेव्हा तिचा रागच आला. शिकलेल्या लोकांनी आपल्याला काडीची किंमत देऊ नये याची मला जन्मभर चीड, आणि बहिणीशी मी नेमकं तसंच वागलो होतो. हे मला त्या दिवशी दिसलं नाही. आपल्या डोळ्यातलं मुसळ भिंग लावूनही दिसत नाही.

चार दिवसांनी मॅनेजर दुकानात आले. घड्याळाचा पट्टा बदलायचा होता म्हणाले. पट्टा चांगला होता. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खरं काय ते कळतं. नाहीतर हे कार्यालयातले लोक एसीत बसून आम्हाला उकाडा शिकवणार." मला ते आवडलं. का खोटं बोलू, फार आवडलं. त्यांनी सरासऱ्यांची नक्कल मागितली, मी स्वतःच्या हाताने सुवाच्य अक्षरात काढून दिली.

आणि त्यानंतरच्या सोमवारी, सभेआधी नोंदी तपासायला, हवामान कार्यालयातली एक मुलगी आली.

मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण माझ्यापुढे मुलगीच. धुळीने भरलेले बूट, पाठीला सॅक. पेटीपासून भिंतीपर्यंतचं अंतर टेप लावून मोजलं. स्वतःचं थर्मामीटर काढून माझ्या थर्मामीटरशेजारी अर्धा तास ठेवलं. दोन्ही जवळपास सारखं दाखवत होती. "काका, फार छान ठेवलंय तुम्ही," ती म्हणाली. मी तिला ओसरीवर खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने मांडीवर लॅपटॉप उघडला.

पडद्यावर पाच रेघा होत्या. चार आजूबाजूच्या गावांच्या, पाचवी आमची.

"या चारही हळूहळू वर जातात," ती म्हणाली. "तुमचीही जाते. पण इथे बघा. चौदा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ती एकदम खाली येते, पायरी उतरल्यासारखी. जवळजवळ एक अंश. मग तिथून पुन्हा वर जायला लागते. त्या पायरीमुळे सुरुवात आणि शेवट एका पातळीवर दिसतात. म्हणून वाटतं, काही वाढलंच नाही."

"एखाद्या वर्षी थंडी पडली असेल."

"मग बाकीच्या चार गावांतही पडली असती. हवा तुमच्या अंगणापुरती थंड होत नाही, काका. त्या महिन्यात इथे काहीतरी झालं. पेटी हलवली होती का?"

"नाही."

"शेजारी झाड वाढलं, भिंत पडली, थर्मामीटर बदललं?"

"नाही."

"नोंदीची वेळ बदलली?"

मी म्हटलं, "वेळेने काय फरक पडतो? काडी तर चोवीस तासांचा आकडा धरून ठेवते."

तिने समजावून सांगितलं, आणि चांगलं समजावलं. समजा आज भयंकर ऊन आहे. संध्याकाळी पाचला तुम्ही आकडा लिहिता, काडी पाऱ्याला टेकवता. पण पाचला हवा अजून तापलेलीच असते, म्हणजे काडी वरच टेकते. उद्या दिवस थंड निघाला तरी काडी कालच्याच जागी उभी. एकच गरम दिवस दोनदा मोजला जातो. सकाळी नोंद घेतली तर तसं होत नाही, उलट एखादी थंड सकाळच दोनदा मोजली जाते. म्हणून संध्याकाळची वेळ सोडून कुणी सकाळची धरली, तर हवा होती तशीच राहते आणि आकडे मात्र खाली येतात.

तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच मला कळलं. घड्याळं उघडण्यात आयुष्य गेलंय माझं. एक चाक दाखवलं की पुढची तीन मला दिसतात.

चौदा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये माझ्या बायकोला हॉस्पिटलने घरी पाठवलं होतं. आता आमच्या हातात काही नाही, असं सांगून. दिवसभर ती बरी असायची, आणि दुपार कलली की दुखणं उठायचं. पाच ते सात ही तिची सगळ्यात वाईट वेळ. ती माझा हात धरायची, आणि तो सोडवून घेऊन अंगणात आकडे बघायला जाणं मला जमलं नाही. सकाळी सातला ती झोपलेली असायची. तेव्हा धाकटी पाळीवर जायच्या आधी येऊन तिच्यापाशी बसायची, आणि मी जाऊन काड्या बघून यायचो. एकदा बघितलं म्हणजे झालं, असं मला वाटायचं. आठ महिने असे गेले. मग ती गेली. पण त्यानंतरही संध्याकाळी पाचला मागचं दार उघडायचं म्हटलं की मला पलंगाकडे बघावं लागायचं. म्हणून मी सकाळचीच वेळ ठेवली. कार्डावर मात्र ‘सायंकाळी ५’ छापलेलं होतं आणि ते मी कधी खोडलं नाही. खोटं मी लिहिलं नव्हतं, ते छापूनच यायचं. मी फक्त खाली सही करायचो.

हे सगळं त्या मुलीला सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती रागावली नसती. पण चार परक्या गावांचे आकडे घेऊन तिने माझ्या घरातल्या त्या खोलीचं दार उघडलं होतं, तारखेसकट, असं मला वाटलं. आणि दुकानातलं ते प्रशस्तिपत्रक होतंच. मला लाज वाटली, आणि माझ्या लाजेला रागाचं रूप घ्यायला वेळ लागत नाही.

"वेळ बदललेली नाही," मी म्हटलं. "कार्डावर छापलेली आहे. वाचा."

"वाचली," ती म्हणाली. माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि लॅपटॉप मिटला. "ठीक आहे, काका. ती पायरी आम्ही काढली आहे. सभेत दुरुस्त केलेली रेघ दाखवू."

"दुरुस्त? माझे आकडे तुम्ही दुरुस्त करणार?"

"हो."

"घड्याळं दुरुस्त करतात, बाई. आकडे नव्हे." आणि मी तिला फाटकापर्यंत पोचवायलाही उठलो नाही.

सभा पालिकेच्या हॉलमध्ये, दुपारी तीनला. प्लास्टिकच्या खुर्च्या, संथ फिरणारे पंखे, अधूनमधून किंचाळणारा माइक. इस्त्रीखान्यातल्या बाया तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, त्यांच्यात धाकटी. मॅनेजरांनी माझ्या अक्षरातली नक्कल मोठी करून फळ्यावर लावली होती. सरळ रेघ, लहान पोरालाही कळेल अशी.

मग ती मुलगी उठली. माझ्या ओसरीवर किती सोपं बोलली होती. इथे माइक समोर आला आणि तिची जीभ एकदम पुस्तकी झाली. समांगीकरण, मानक विचलन, संदर्भ केंद्रे. समांगीकरण हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा मागून कुणीतरी हसलं. तिची रेघ वर जात होती, पण ती मुळात तशी नव्हती, तिने ती तशी केली होती, एवढंच लोकांना कळलं. एका नगरसेवकाने विचारलं, "म्हणजे आकडे तुम्ही बदललेत, हे तुम्हीच सांगताय?" ती म्हणाली, "बदललेले नाहीत, समायोजित केलेले आहेत." हॉलभर हशा पिकला.

अध्यक्ष म्हणाले, "ज्यांनी आकडे घेतले ते इथेच बसलेत. त्यांनाच विचारूया."

मी उठलो. गप्प बसता आलं असतं. तब्येत बरी नाही म्हणता आलं असतं. पण सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या होत्या.

"मी डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही," मी म्हटलं. "मी घड्याळजी आहे. मला समांगीकरण समजत नाही. पण डोळे मलाही आहेत. एखादं घड्याळ मागे पडलं तर मी ते उघडून बघतो, शेजारच्या चार घड्याळांना विचारत नाही. हे आकडे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. त्यांच्यात फेरफार करायला कुठली पदवी लागते, ती माझ्याकडे नाही."

टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. मॅनेजरही वाजवत होते.

टाळ्या थांबल्यावर ती मुलगी म्हणाली, "काका, एवढंच सांगा. अठ्ठावीस वर्षं नोंदीची वेळ पाचचीच होती?"

"पाचचीच," मी म्हणालो.

तिसऱ्या रांगेत धाकटीने एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग मांडीवर हातरुमाल पसरला, त्याच्या कडा जुळवल्या आणि तळहाताने घडी दाबत राहिली.

मागणी फेटाळली गेली. पाच वर्षांनी नव्या आकड्यांसह पुन्हा विचार करू, असा ठराव झाला. बाहेर लोक माझ्या हातात हात देत होते. धाकटी गर्दीतून वाट काढत आली, म्हणाली, "छान बोललास, दादा," आणि बसथांब्याकडे निघून गेली. मागणी गेली म्हणून नाराज आहे, असं मी समजलो.

मे महिन्यात, एका मंगळवारी, दुपारी अडीच वाजता, तिने चादरीचं टोक हातात धरलेलं असताना ती बोलायची थांबली. समोरच्या बाईने हाक मारली तर काहीतरी असंबद्ध बोलली आणि कोसळली. अंगाला घाम नव्हता, कातडी रोलरसारखी तापली होती. मला भाचीचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तिला बर्फात ठेवलं होतं. पाचव्या दिवशी ती शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, जगल्या हेच खूप समजा. उष्णतेने मेंदूचा तोल सांभाळणारा भाग जळाल्यासारखा झालाय. चालताना झोक जाईल, बोलणं ओढल्यासारखं येईल, हात थरथरतील. सुधारणा होईल का, तर थोडी, फार नाही.

तिच्या अंगावरच्या चादरीच्या कोपऱ्यात लॉन्ड्रीचा शिक्का होता. ती कुणी घडी केली असेल, हा विचार मी मनातून हाकलत होतो आणि तो परत येऊन बसत होता.

ती कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सवयीने पेटी उघडली होती. काडी आदल्या दिवसाच्या दुपारी होती तिथे उभी होती. अठ्ठावीस वर्षांत ती इतकी वर कधी गेली नव्हती. मी आकडा लिहिला. मग कार्डाच्या कोपऱ्यातलं ‘सायंकाळी ५’ खोडलं, वर ‘सकाळी ७’ लिहिलं आणि सही केली. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते कार्ड खरं होतं.

धाकटी धोक्यातून बाहेर आल्यावर ते कार्ड, वही आणि बायकोचे हॉस्पिटलचे कागद घेऊन मी हवामान कार्यालयात गेलो. दोन तासांचा बसप्रवास. सभेत मी म्हणालो होतो, शेजारच्या चार घड्याळांना विचारत नाही. बसमध्ये ते वाक्य सारखं आठवत होतं. घड्याळ मागे पडलंय हे मला कळतं तरी कसं? दुसऱ्या घड्याळाकडे बघूनच. एकट्या घड्याळाला आपण चुकतोय हे कधीच कळत नाही. हे मला पन्नास वर्षं ठाऊक होतं, आणि टाळ्यांसाठी मी भर सभेत त्याच्या उलट बोललो होतो.

ती मुलगी तिसऱ्या मजल्यावर, फायलींनी भरलेल्या खोलीत बसली होती. मी सगळं सांगितलं. मार्च, पलंग, सात वाजता, छापलेली वेळ. मग तिने पडदा माझ्याकडे वळवला. आमच्या केंद्राच्या नावापुढे महिना आणि वर्ष होतं, आणि पुढे लिहिलं होतं, ‘कारण अज्ञात. वेळ बदलली असावी.’

"आम्हाला कारण कळलं ते बरं झालं," ती म्हणाली. "पण रेघ बदलणार नाही, काका. ती आधीच बरोबर होती. आमचं काम तुमच्यावाचून अडलं नव्हतं."

"मग कुणाचं अडलं होतं?"

"त्या सभेचं."

मी खाली बघत म्हटलं, "मला वाटायचं, पदवी नसलेल्याला तुम्ही लोक मूर्ख समजता."

"तुम्हाला त्या दिवशी माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच कळलं होतं," ती म्हणाली. "मी तुमच्या चेहऱ्यावर बघितलं. वर्गात मुलांना ते समजायला दोन तास लागतात." ती पुढे म्हणाली, "सभेत सांगितलं नाही. चेहरा काही पुरावा होत नाही. आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. ओसरीवर बोलले तसं तिथे बोलता आलं असतं, तर कदाचित तुमची गरजही पडली नसती."

तिने पालिकेला पत्र लिहिलं, मी त्यावर सही केली. पत्राची पोच आली. ठराव पाच वर्षांनीच पुन्हा समोर येईल, असं त्यात होतं. रोलरवर धाकटीच्या जागी दुसरी बाई उभी राहते.

आता मी रोज संध्याकाळी साडेचारला दुकान बंद करून धाकटीकडे जातो. भाची कामावरून येईपर्यंत तिच्यापाशी बसतो. तिला लांब बाह्यांचे शर्ट लागतात, ऊन जरासुद्धा सोसत नाही. मनगटाची बटणं तिची तिला लावता येत नाहीत. माझे हात अजून स्थिर आहेत. केसाएवढे स्क्रू बसवणारे हात, बटणाला कितीसा वेळ लागणार.

तिला सांगायचं मी तीन महिने टाळत होतो. परवा सांगितलं. तिच्या उजव्या मनगटाचं बटण लावता लावता, वर न बघता. म्हटलं, सभेत मी खोटं बोललो. वेळ पाचची नव्हती. वहिनी आजारी पडली तेव्हापासून मी सकाळी सातला नोंद घेत होतो.

आता तिला शब्द जुळवायला वेळ लागतो, म्हणून मी थांबलो.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी वहिनीपाशी बसलेली असायचे ना रोज. पेटीचं दार वाजायचं." ती श्वास घ्यायला थांबली. "वहिनी झोपेत दचकायची त्या आवाजाने. मी थोपटायचे."

ती तिसऱ्या रांगेत बसली होती. पाळी तिची होती, पंखे तिला हवे होते, आणि हॉलमध्ये हे माहीत असलेली ती एकटी होती. एका वाक्याने तिला मला थांबवता आलं असतं, आणि त्यासाठी कुठलीही पदवी लागत नव्हती.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अगदी साधी गोष्ट विचारतोय.

"चारचौघांत तुला खोटं पाडू, दादा?"

मग तिने डावा हात पुढे केला. त्याचं बटण लावायचं राहिलं होतं.